पाणथळीतील गोगलगायी आणि उपग्रहाचा नकाशा

चीनच्या च्यांगशी प्रांतातील पोयांग सरोवर पावसाळी उन्हाळ्यात तीन हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरते आणि हिवाळ्यात हजाराच्याही खाली आक्रसते. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या दलदलीवर लव्हाळ्याची दाट कुरणे माजतात. म्हशी तिथे चरायला उतरतात, कोळी डबक्यांत जाळी टाकतात. त्याच लव्हाळ्याच्या बुडाशी, ओल्या चिखलावर, ऑन्कोमेलानिया जातीची गोगलगाय राहते. तिचा शंख जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा असतो. या गोगलगायीच्या अंगात वाढणारा एक चपटा कृमी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो आणि त्याचे यकृत हळूहळू निकामी करतो.

चीनमधले आरोग्य कर्मचारी या गोगलगायी कशा मोजतात? 33 सेंटिमीटर लांबी-रुंदीची एक चौकट चिखलावर ठेवायची आणि तिच्या आतल्या गोगलगायी वेचायच्या. मग काही अंतर चालून चौकट पुन्हा ठेवायची. हजारो चौरस किलोमीटर दलदल या पद्धतीने पिंजून काढणे कोणत्याही यंत्रणेच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून गेली चाळीस वर्षे शास्त्रज्ञ उपग्रहांची मदत घेत आहेत. त्या प्रयत्नांतून काय हाती आले, कुठे अंदाज चुकले आणि आपल्या पाणथळ जागांसाठी त्यात काय आहे, याचा हा आढावा.

रोगाचे चक्र

रोगाचे नाव शिस्टोसोमायसिस. जुने नाव बिल्हार्झिया, कारण 1851 मध्ये कैरो येथे थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टराने शवविच्छेदन करताना हे कृमी प्रथम ओळखले. रोग्याच्या लघवीतून किंवा शौचातून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती पाण्यात पोहोचली की त्यांतून सूक्ष्म अळी निघते आणि काही तासांत तिला योग्य जातीची गोगलगाय गाठावी लागते. गोगलगायीच्या शरीरात काही आठवडे वाढ होते. एका अळीपासून हजारो नव्या अळ्या तयार होऊन पाण्यात सुटतात. त्यांचे आयुष्य एखाद-दोन दिवसांचे, पण तेवढ्यात माणूस किंवा जनावर पाण्यात उतरले तर त्या कातडी भेदून आत जातात. पुढे कृमींच्या जोड्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे जगतात. त्यांची अंडी यकृतात, आतड्यात, मूत्राशयात अडकून बसतात आणि तिथे व्रण व गाठी होतात. मुलांना रक्तक्षय होतो, त्यांची वाढ खुंटते. मूत्राशयाच्या कर्करोगाशीही या रोगाचा एक प्रकार जोडलेला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगातील 25 कोटींहून अधिक लोकांना प्रतिबंधक औषधोपचाराची गरज होती. प्रत्यक्षात औषध मिळाले ते सुमारे साडेसात कोटींना. गरजूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आफ्रिकेत राहतात. प्राझिक्वांटेल हे गुणकारी औषध 1970 च्या दशकात आले आणि त्याने असंख्य जीव वाचवले. पण ते शरीरातले प्रौढ कृमी मारते, पुढची लागण थांबवत नाही. सकाळी गोळी घेतलेले मूल दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात पोहायला जाते. म्हणूनच गोगलगायीचा ठावठिकाणा लावण्याला महत्त्व आहे.

कृमीच्या प्रत्येक जातीला तिची ठरलेली गोगलगाय लागते. पूर्व आशियातल्या कृमीला ऑन्कोमेलानिया, आतड्याचा रोग करणाऱ्या आफ्रिकी कृमीला बायोम्फलेरिया, मूत्राशयाचा रोग करणाऱ्या कृमीला बुलिनस. यांपैकी ऑन्कोमेलानिया ओल्या जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे वावरते. बाकीच्या दोघी पाण्यातच राहतात, बहुतेक वेळा पाणवनस्पतींना चिकटून. उपग्रहाच्या छायाचित्रात नेमके काय शोधायचे, हे या फरकावर ठरते.

उपग्रह काय पाहतो

लँडसॅट मालिकेतल्या उपग्रहाचा एक पिक्सेल 30 मीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे 900 चौरस मीटरचा. त्यात गोगलगाय दिसण्याचा प्रश्नच नाही. उपग्रह तिच्या घराच्या खुणा टिपतो. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषतात आणि अवरक्त किरण परावर्तित करतात, म्हणून या दोहोंच्या गुणोत्तरातून वनस्पतींची दाटी कळते. पाणी अवरक्त किरण गिळून टाकते, म्हणून ते काळे दिसते आणि त्याची हद्द आखता येते. उष्णता टिपणाऱ्या संवेदकातून जमिनीचे आणि पाण्याचे तापमान मिळते. रडार ढगांतून आरपार जाते आणि रात्रीही काम करते. यात जमिनीची उंची आणि उतार मिळवले की गोगलगाय कुठे जगू शकेल याचा अंदाज बांधता येतो.

या कामाची सुरुवात लवकर झाली. पहिला लँडसॅट 1972 मध्ये सुटला. 1984 मध्ये फिलिपाइन्स आणि कॅरिबियन बेटांतील रोगाचा प्रसार उपग्रह छायाचित्रे व हवामानाच्या नोंदींवरून वर्तवण्याचा प्रयत्न प्रसिद्ध झाला. त्यानंतर अमेरिकेतील लुइझियाना राज्य विद्यापीठाचे जॉन मॅलोन यांनी नाईलच्या त्रिभुज प्रदेशात एक सोपी पण मार्मिक कल्पना वापरली. ओली जमीन दिवसा सावकाश तापते आणि रात्री सावकाश निवते. हवामान उपग्रहाच्या नोंदींत दिवस आणि रात्रीच्या तापमानातला फरक जिथे कमी, तिथे ओल जास्त, आणि जिथे ओल जास्त तिथे रोगाची शक्यता जास्त. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातला पिक्सेल किलोमीटरभराचा होता, तरीही रोगाचे आणि ओलीचे नाते त्यातून दिसले.

2008 मध्ये लँडसॅटचे सगळे जुने छायाचित्रभांडार जगाला विनामूल्य खुले झाले. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोठा बदल हाच. तोवर एखाद्या संशोधकाला दोन-चार छायाचित्रे विकत घेऊन भागवावे लागे. आता एकाच दलदलीची तीस-चाळीस वर्षांची कहाणी कुणालाही वाचता येऊ लागली. पुढे युरोपचे सेंटिनेल उपग्रह आले. 2014 मध्ये रडार असलेला पहिला, आणि 2015 मध्ये 10 मीटरचा पिक्सेल देणारा दुसरा. त्यांची माहितीही खुली आहे.

पोयांग: एका छायाचित्राने भागत नाही

ऑन्कोमेलानियाची गरज विलक्षण आहे. जमीन वर्षभर पाण्याखाली राहिली तर ती मरते, आणि वर्षभर कोरडी राहिली तरीही तगत नाही. उन्हाळ्यात पाणी आणि हिवाळ्यात लव्हाळा असलेली जमीन तिला मानवते. त्यामुळे पोयांगच्या संशोधकांनी दोन ऋतूंची छायाचित्रे एकमेकांवर ठेवली. पावसाळी छायाचित्रात जिथे पाणी, आणि हिवाळी किंवा वसंतातल्या छायाचित्रात जिथे हिरवळ, ती जमीन संशयास्पद. 2005 च्या सुमारास लँडसॅटच्या आधारे पोयांगभोवतीच्या अशा जागा निश्चित करण्याचे काम झाले. त्याआधी सिचुआनच्या डोंगराळ भागात एडमंड सेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तंत्राने कालवे आणि शेतांच्या बांधांवरच्या गोगलगायींचा माग काढला होता. तिथे अडचण वेगळी होती. अरुंद चरात राहणारी गोगलगाय 30 मीटरच्या पिक्सेलमध्ये शेताच्या हिरवळीत हरवून जाते. सरोवराकाठच्या सलग कुरणात जे साधते ते डोंगरातल्या चरांत तितके साधत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

छायाचित्रांची मालिका हाती आल्यावर प्रश्न अधिक नेमका झाला. अमुक तुकडा वर्षातून किती दिवस पाण्याखाली असतो? कोणत्या महिन्यात उघडा पडतो? हे मोजता आले की गोगलगायीला पोषक पट्टा उंचीनुसार आखता येतो. पोयांग ज्या यांगत्से नदीला जोडलेले आहे, तिच्यावरच्या तीन घळींच्या धरणात 2003 पासून पाणी साठू लागले. त्यानंतर पोयांगमधले पाणी शरदात लवकर ओसरू लागल्याचे अनेक अभ्यासांत दिसले. पाणी लवकर हटले की लव्हाळा लवकर उगवतो आणि त्याचा पट्टा सरकतो. असा पट्टा कुठे सरकला हे वर्षावर्षाने दाखवणे उपग्रहालाच शक्य आहे.

पण चीनच्या अनुभवातली सर्वांत मोलाची गोष्ट नकाशाबाहेर घडली. 1950 च्या दशकात तिथे सुमारे 1 कोटी 16 लाख लोकांना हा रोग होता आणि गोगलगायींनी व्यापलेली जमीन सुमारे 14,300 चौरस किलोमीटर होती. दलदली बुजवून, कालवे बांधून, औषधे फवारून ती जमीन पुष्कळ कमी झाली, पण गेल्या दोन दशकांत ती 3,600 चौरस किलोमीटरच्या आसपास अडून आहे. सरोवरे आणि पूरमैदाने बुजवता येत नाहीत, बुजवू नयेत. तरीही याच काळात माणसांतला रोग झपाट्याने घटला. त्याचे कारण 2004 च्या सुमारास बदललेल्या धोरणात आहे. पोयांगकाठच्या गावांत म्हशींऐवजी यंत्रे दिली, दलदलीत गुरे जाऊ नयेत म्हणून कुंपणे घातली, घरोघरी नळाचे पाणी आणि संडास दिले, कोळ्यांच्या होड्यांवर मैला साठवण्याची सोय केली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतील लागण एक टक्क्याखाली आली. गोगलगायी जागच्या जागी राहिल्या, पण अंडी त्यांच्यापर्यंत पोहोचणे थांबले.

सेनेगल: गोगलगाय मोजावी की तिचे घर?

आफ्रिकेतली गोष्ट धरणापासून सुरू होते. सेनेगल नदीच्या मुखाजवळ दियामा येथे 1986 मध्ये बंधारा उभा राहिला. समुद्राचे खारे पाणी वर येणे थांबले, गोड्या पाण्याचे कालवे वाढले, ऊस आणि भात पिकू लागला. रिशार-तोल या गावात 1988 मध्ये आतड्याच्या बिल्हार्झियाचे रुग्ण सापडले आणि थोड्याच वर्षांत तिथे या रोगाची तीव्र साथ पसरली. गोड्या पाण्यातली कोळंबी गोगलगायी खाते. तिला अंडी घालण्यासाठी मुखाकडच्या मचूळ पाण्यात जावे लागते आणि बंधाऱ्याने तिची वाट अडवली. सुझॅन सोकोलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाम्पसार गावातल्या पाणवठ्यावर कोळंबी परत सोडली, तेव्हा तिथल्या गोगलगायी आणि लागण दोन्ही कमी झाल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

याच नदीखोऱ्यात पुढे उपग्रहाच्या कामाला वेगळे वळण लागले. चेल्सी वुड यांच्या गटाने सेनेगलमधल्या पाणवठ्यांवर दोन वर्षे गोगलगायी मोजल्या, लागण झालेल्या किती हे तपासले आणि जोडीला ड्रोन व उपग्रहाची छायाचित्रे घेतली. 2019 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. गोगलगायींची संख्या स्थळकाळानुसार इतकी चंचल असते की आज भरलेला कोपरा पुढच्या फेरीत रिकामा सापडतो. त्यामुळे त्या मोजून गावातल्या मुलांच्या लागणीचा नीट अंदाज येत नाही. त्याउलट पाण्याखाली व पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींनी किती जागा व्यापली आहे आणि पाणवठा किती मोठा आहे, या दोन गोष्टींवरून लागण अधिक चांगली वर्तवता येते. आणि या दोन्ही आकाशातून मोजता येतात. चिखलात उतरून केलेल्या कष्टाच्या मोजणीपेक्षा वरून घेतलेले छायाचित्र या एका प्रश्नाचे उत्तर अधिक खात्रीने देते, हे सिद्ध होणे या क्षेत्रासाठी फार मोठी गोष्ट होती.

त्यानंतर संगणकाला हजारो छायाचित्रे दाखवून तरंगत्या वनस्पती, काठावरची उंच बोरू-पाणकणसासारखी झाडे आणि मोकळे पाणी वेगळे ओळखायला शिकवण्यात आले. सेनेगल नदीच्या खोऱ्यात अशी प्रणाली उपग्रह व ड्रोनच्या छायाचित्रांवर चालवून पाहिली गेली. त्यामुळे एका गावात वापरलेली पद्धत संपूर्ण नदीखोऱ्यावर नेण्याचा मार्ग मोकळा झाला.

हे ज्ञान प्रत्यक्ष उपायातही उतरले. सेरॅटोफायलम ही पाण्याखाली गर्द वाढणारी वनस्पती तिथल्या पाणवठ्यांवर माजली होती. शेतातून वाहून येणाऱ्या खतांमुळे तिची वाढ फोफावत होती. जेसन रोर आणि सहकाऱ्यांनी सोळा गावांत तीन वर्षांचा प्रयोग केला. आठ गावांतल्या पाणवठ्यांवरून ही वनस्पती काढून टाकली. 2023 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार जिथे ती काढली नाही त्या गावांत मुलांना आतड्याच्या रोगाची फेरलागण दुपटीहून अधिक होती. काढलेल्या वनस्पतीचे कंपोस्ट खत आणि गुरांचा चारा झाला, म्हणजे गावाला त्यातून उत्पन्नही मिळाले. छायाचित्रात जिथे गर्द हिरवा पट्टा दिसतो, तिथे कोयता घेऊन कोणी जायचे हे त्यातून ठरू शकते.

अडचणी आणि मर्यादा

या यशामुळे भारावून जाण्याआधी मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात.

पहिली मर्यादा काळाची. ज्या महिन्यांत पाणी पसरते आणि रोगाचा धोका वाढतो, त्याच महिन्यांत ढग असतात. साध्या प्रकाशावर चालणारे उपग्रह तेव्हा आंधळे होतात. रडार ढग भेदते, पण त्याच्या नोंदींत गवताखालचे पाणी ओळखणे हे कौशल्याचे काम आहे.

दुसरी मर्यादा जागेची. अनेक अभ्यासांत रोगाची आकडेवारी शाळेच्या जागेवर नोंदलेली असते, कारण तपासणी शाळेत होते. लागण मात्र दोन किलोमीटर दूरच्या ओढ्यावर झालेली असते. शाळेच्या आवाराचा हिरवा रंग आणि मुलांची लागण यांची सांगड घालून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.

तिसरी मर्यादा अर्थाची. गोगलगायीला राहण्याजोगी जागा आहे म्हणून तिथे गोगलगाय असेलच असे नाही. गोगलगाय आहे म्हणून ती बाधित असेल असेही नाही. ज्या पाण्यात रोग पसरतो तिथेही बाधित गोगलगायींचे प्रमाण बहुधा अल्प असते. आणि बाधित गोगलगाय असली, तरी त्या पाण्यात माणूस उतरलाच नाही तर रोग होत नाही. जागा, गोगलगाय, मैला आणि माणूस या चारही गोष्टी एकत्र याव्या लागतात. उपग्रह पहिली दाखवतो, चौथीचा थोडा सुगावा पायवाटा आणि घाटांवरून देतो. मधल्या दोन गोष्टींसाठी पाण्यात उतरण्याला पर्याय नाही.

चौथी मर्यादा हस्तांतराची. पोयांगसाठी बांधलेले गणित सेनेगलला लागू होत नाही, कारण गोगलगाय वेगळी आणि पाणीही वेगळे. प्रत्येक प्रदेशात जमिनीवरची नवी नोंद करूनच गणित नव्याने जुळवावे लागते.

तापमानवाढीने हा प्रश्न आणखी तातडीचा केला आहे. ऑन्कोमेलानिया कडाक्याच्या थंडीत टिकत नाही. चीनमध्ये तिची उत्तर सीमा ढोबळमानाने जानेवारीचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असते त्या रेषेवर आहे. ही रेषा उत्तरेकडे सरकेल, या शक्यतेवर चिनी शास्त्रज्ञ झोउ श्याओनोंग आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. युरोपलाही याची चुणूक मिळाली. फ्रान्सच्या कोर्सिका बेटावरील कावू नदीत पोहलेल्या लोकांना हा रोग झाल्याचे 2014 मध्ये उघड झाले. योग्य गोगलगाय तिथे आधीच होती, कृमी नंतर आला.

आपल्या पाणथळी

भारतात मानवी बिल्हार्झिया हा मोठा प्रश्न नाही. पण या विषयात महाराष्ट्राचे नाव कायमचे नोंदलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळले आणि 1952 मध्ये गाडगीळ व शाह या संशोधकांनी तिथल्या मूत्राशयाच्या शिस्टोसोमायसिसचे वृत्त प्रसिद्ध केले. फेरिसिया या काही मिलिमीटरच्या गोगलगायीकडे वाहक म्हणून बोट दाखवले गेले. या रोगाने पुढे कोकणात पाय पसरले नाहीत, पण परदेशातला मानला जाणारा रोग आपल्या ओढ्याकाठीही उभा राहू शकतो, हे गिमवीने दाखवून दिले.

आपल्याकडचा मोठा प्रश्न गुरांचा आहे. तळी, भातखाचरे, कालव्यांच्या कडेची डबकी इथे इंडोप्लॅनॉर्बिस ही चपट्या चकतीसारखी गोगलगाय सर्रास सापडते. तिच्यामार्फत पसरणारा एक कृमी गुरांच्या नाकात गाठी करतो आणि जनावर घोरल्यासारखा श्वास घेऊ लागते. लिम्निया गोगलगायींमार्फत यकृतातला कृमी पसरतो, जनावर खंगते आणि दूध आटते. भात लावताना पोटऱ्यांना येणारी असह्य खाजही अनेकदा इंडोप्लॅनॉर्बिसमधून सुटणाऱ्या गुरांच्या कृमींमुळे येते. शेतकरी ती निमूट सोसतो, डॉक्टरकडे जातही नाही, म्हणून ती आकडेवारीत उमटत नाही.

यासाठी लागणारी साधने आपल्याकडे आहेत. 1988 मध्ये पहिला भारतीय सुदूर संवेदन उपग्रह सुटला. रिसोर्ससॅटच्या एका कॅमेऱ्याचा पिक्सेल सहा मीटरहून लहान आहे. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने देशातील पाणथळ जागांचा राष्ट्रीय नकाशासंग्रह तयार केला आहे. जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेला इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह या प्रश्नासाठी विशेष महत्त्वाचा आहे. त्याच्या रडारच्या सुमारे 24 सेंटिमीटर लांबीच्या लहरी गवत आणि पालवीतून खाली जातात आणि झाकलेल्या पाण्याची खूण परत आणतात. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवरून जातो, आणि मान्सूनचे ढग त्याला अडवत नाहीत. चार महिने आभाळ झाकलेल्या कोकणात आणि पूर्व विदर्भातल्या तलावांच्या पट्ट्यात याचे मोल मोठे आहे.

कमतरता आहे ती जमिनीवरच्या नोंदींची. कोणत्या तळ्यात, कोणत्या महिन्यात, कोणत्या जातीच्या गोगलगायी सापडल्या आणि त्यांतल्या किती बाधित होत्या, अशा नोंदी सलग असतील तरच आकाशातल्या माहितीला अर्थ येतो. पशुवैद्यकीय महाविद्यालये, तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी, कृषी विद्यापीठे आणि प्राणिशास्त्राचे पदवीचे विद्यार्थी मिळून हे काम करू शकतात. त्यासाठी चौकट, चिमटा, साधा सूक्ष्मदर्शक आणि जागेची नोंद करणारा मोबाइल एवढे पुरते.

चाळीस वर्षांच्या कामाचा निवाडा असा आहे. कुठे पाहायचे आणि कधी पाहायचे, हे उपग्रह जवळपास फुकटात सांगतो आणि शेकडो चौरस किलोमीटरमधून धोक्याच्या मोजक्या जागा वेगळ्या काढून देतो. रोग मात्र संडास, स्वच्छ पाणी, गुरांची काळजी आणि पाणवठ्याची साफसफाई यांनीच हटतो. पोयांग आणि सेनेगल या दोन्ही ठिकाणी हेच दिसले. म्हणून नकाशा काढणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने त्या नकाशावरून पुढे कोण, कुठे आणि काय करणार हे पहिल्याच दिवशी ठरवावे. आणि आपल्या राज्यातल्या विद्यापीठांनी व पशुसंवर्धन खात्याने निदान एका जिल्ह्यातल्या तळ्यांपासून ही नोंद येत्या पावसाळ्यातच सुरू करावी.